बाईच्या तोंडचं गाणं, गड्याच्या गळ्यात

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीत वरात परकोटाच्या जुन्या दरवाजाजवळ आली की रस्ता चिंचोळा होतो. धुमाल बँडची गाडी तिथे हटकून रेंगाळते आणि कोणीतरी ओरडतं, ‘गुलाबी साडी लाव!’ कीबोर्डवाला नुसती चाल वाजवतो. शब्द कोणालाच सांगावे लागत नाहीत. नवरदेवाच्या मावशीपासून फेट्यातल्या पोरापर्यंत सगळे ते आपले आपण म्हणतात.

संगणकावर तयार झालेलं गाणं संगणकाशिवाय असं उभं राहतं, ही त्याच्या चालीची मोठी परीक्षा. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ त्या परीक्षेला उतरलं आहे. हे गाणं २०२४च्या सुरुवातीला आलं. संगीत ‘जी-स्पार्क’चं. संजू जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला. सिनेमाचा आधार नाही, मोठा वाद्यवृंद नाही, तरी काही महिन्यांत मराठी न समजणारेही त्यावर नाचू लागले. माधुरी दीक्षितनेही त्यावर ताल धरला. पुढे २०२५मध्ये संजूचं ‘शेकी’ आलं, तेही असंच गाजलं.

असं गाणं बनतं कसं? २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल थेट हॉलिवूडच्या वादकांपर्यंत गेले होते. इलेक्ट्रॉनिक पॉपमध्ये त्या सगळ्याच्या जागी एक लॅपटॉप पुरतो. ठोका यंत्रात घडवलेला असतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०मध्ये ‘टीआर-८०८’ नावाचं तालयंत्र काढलं, ते तीनेक वर्षांतच बंदही केलं. पण त्याचा खोल, घुमणारा ठोका आज जगभरच्या पॉपमध्ये ऐकू येतो. गळ्याला लागणारी चकाकी ‘ऑटो-ट्यून’ची. १९९७मध्ये ते बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचं गणित मांडत असत. तेच गणित त्यांनी सुराला लावलं. ‘मशीन गाते’ असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सूर सरळ करता येतो, पण शब्दावर कुठे थांबायचं आणि कुठे लाडात यायचं हे यंत्राला आपणहून सुचत नाही.

आणखी एक कसब आपल्या लक्षातही येत नाही. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून फार खालचा ठोका बाहेरच पडत नाही. म्हणून संगीतकार त्या ठोक्याच्या वरच्या पट्टीतले स्वरांश मुद्दाम ठळक करतो. ते कानावर पडले की खालचा मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. मोबाइलवर आपण जो ‘बेस’ ऐकतो त्यातला बराचसा आपल्याच डोक्यात वाजत असतो. तेच गाणं डीजेच्या भिंतीवर लागलं की तो ठोका छातीत बसतो. दोन्हीकडे गाणं चालावं लागतं, आणि हे जमवणं सोपं काम नाही.

पण मला हे गाणं आवडलं ते त्याच्या शब्दांतल्या एका गोष्टीमुळे. त्यातल्या मुख्य ओळी बाईच्या तोंडच्या आहेत. नटून आलेली बाई आपल्या माणसाला मोकळेपणाने सांगते, आज मी छान दिसते आहे, माझा फोटो काढ. आणि ते गातो एक तरुण पुरुष. आवाज बायकी न करता, टिंगल न करता, सरळ. पुरुषाने बाईचं मन गायचं ही रीत मराठीला नवी नाही. संत एकनाथांच्या गवळणी गोपींच्या मुखातून बोलतात. होनाजी, रामजोशी, परशराम या शाहिरांच्या कितीतरी लावण्या स्त्रीच्या तोंडच्या आहेत. आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आहेतच. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की ढोलकी, तुणतुणं, चोनका यांच्या साथीने साडी नेसलेला गडी फडात उतरतो आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या बाया त्याच्या प्रत्येक मुरक्याला दाद देतात. त्या रांगेत मी संजू राठोडला बसवतो. ठोका जपानी यंत्राच्या वंशातला, सूर तेलाच्या गणिताने घासलेला, पण बोलण्याची तऱ्हा अस्सल आपली.

पवनी हे विणकरांचंही गाव. कोष्टी घरांतल्या मागांवर इथे पिढ्यान्‌पिढ्या कापड विणलं गेलं. साडी नेसून कोणीतरी आपल्याकडे पाहावं ही इच्छा इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. गाण्यातल्या बाईला दागिना नको, बंगला नको. तिला एक फोटो हवा आहे. हातात मोबाइल असलेल्या कुठल्याही घरात पुरी होईल अशी ही हौस आहे, आणि म्हणूनच नवरदेवाच्या मावशीला ते गाणं आपलं वाटतं.

वारंवार ऐकून एखाद्याला त्याचा कंटाळा आला असेल, तेही खरं. तरी एकदा इअरफोन लावून, शांत बसून ऐका. ठोक्यांच्या मधे गळ्यासाठी किती जागा राखली आहे ते कळेल. आणि यंदा मंडईला जवळपास दंडार असली तर चुकवू नका. साडीतला तो गडी फडात आला की त्यालाही टाळी द्या.