एका प्रवाळात अख्खं नागपूर

कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर उंच आहे. समुद्रकाठाहून निघून तिथवर चढलं की हवेचा दाब सुमारे 18 टक्क्यांनी कमी होतो. समुद्रात तेवढाच दाब वाढायला किती खोल जावं लागतं? जेमतेम 1.8 मीटर. पुरुषभर पाणी! महाराष्ट्राच्या सर्वांत उंच डोंगराची सगळी चढण समुद्र एका माणसाच्या उंचीत संपवतो.

आम्हा नागपूरकरांचा समुद्राशी रोजचा संबंध नाही. मालवण इथून सरळ रेषेत सुमारे 800 किलोमीटर. रेल्वेनं मालवणजवळचं कुडाळ गाठायचं तर जवळजवळ एक दिवस जातो. तरीही दिवाळीच्या सुट्टीत इथली कितीतरी कुटुंबं तारकर्ली-मालवणला स्कुबा डायव्हिंगसाठी जातात. पहिल्यांदा उतरणाऱ्याला 12 मीटरपलीकडे नेत नाहीत, आणि बहुतेक जण त्याच्या बरेच अलीकडे थांबतात. पण माझ्या मते खरा लांबचा प्रवास त्या शेवटच्या काही मीटरांचाच.

आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीचं वातावरण आहे. त्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 10 टन. समुद्राच्या पाण्याचा 10 मीटरचा थर तेवढाच जड असतो. म्हणजे 10 मीटर खाली गेलात की आणखी एक अख्खं वातावरण अंगावर येतं, 20 मीटरवर आणखी एक. पाठीवरच्या साधारण 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं सुमारे 2,200 लिटर हवा कोंबलेली असते. मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती जमिनीवर 110 मिनिटं पुरेल. 10 मीटर खोलीवर 55 आणि 20 मीटरवर 37 मिनिटं. हवा तीच आणि फुप्फुसंही तीच, पण खाली प्रत्येक श्वासात दुप्पट-तिप्पट हवा भरावी लागते. म्हणूनच वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. 10 मीटरवर भरून घेतलेली 6 लिटर हवा पृष्ठभागावर 12 लिटर होऊ पाहते आणि छातीत तेवढी जागा नसते. मोपा विमानतळावरून परतणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. एका उडीनंतर किमान 12 तास विमानात बसायचं नाही, एकाहून अधिक उड्या मारल्या असतील तर 18.

आता ज्याच्यासाठी उतरायचं, त्या प्रवाळाकडे वळू. मालवणच्या पाण्यात पोराइट्स नावाचं प्रवाळ आढळतं. दिसायला गोलसर धोंडा. धोंड्याच्या पृष्ठभागावर मात्र जिवंत प्राण्यांची पातळ साय असते आणि त्यातला एकेक प्राणी मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. दीड-दोन चौरस मिलिमीटरला एक असा हिशेब धरला तर एका चौरस मीटरवर पाच-सहा लाख जीव होतात. समजा, मीटरभर उंचीचा, अर्ध्या चेंडूच्या आकाराचा असा एक धोंडा आहे. त्याचा पृष्ठभाग सव्वासहा चौरस मीटर भरतो, आणि त्यावर तीस लाखांहून अधिक प्राणी राहतात. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाख होती. अख्खं शहर मावून वर जागा उरते.

हिशेब इथे संपत नाही. त्या प्रत्येक प्राण्याच्या शरीरात एकपेशीय शेवाळं राहतात, चौरस सेंटिमीटरला साधारण दहा लाख. त्या एका धोंड्यावर ती सहा हजार कोटींच्या वर जातात. पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या आसपास. म्हणजे जगातल्या माणसांच्या सात-आठ पट शेवाळं एका धोंड्यात ऊन पिऊन साखर करत बसलेली असतात. प्रवाळाला लागणारी बहुतेक ऊर्जा, कधी कधी 90 टक्क्यांपर्यंत, हीच शेवाळं पुरवतात. इतकं मनुष्यबळ, नव्हे जीवबळ, राबवून धोंडा वाढतो किती? वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. मीटरभर उंचीला शंभर वर्षं.

या सावकाश वाढीतून काय उभं राहतं ते पाहायला ऑस्ट्रेलियाकडे बघावं. तिथल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या सागरी उद्यानाचं क्षेत्र 3,44,400 चौरस किलोमीटर आहे. आपला सबंध महाराष्ट्र 3,07,713. जगातल्या सगळ्या प्रवाळ खडकांनी समुद्रतळाचा एक टक्काही व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश प्रजाती त्यांच्या आसऱ्यानं जगतात.

आपल्याकडेही असं एक ठिकाण आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर अंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. क्षेत्रफळ सुमारे 350 चौरस किलोमीटर. नागपूर महानगरपालिकेची हद्द सव्वादोनशेच्या आसपास, पेंच राष्ट्रीय उद्यानाचा महाराष्ट्रातला भाग 257. दोन्हींहून हे पठार मोठं. 1987 मध्ये घोषित झालेलं मालवण सागरी अभयारण्य 29.12 चौरस किलोमीटरचं आहे, अशी बारा अभयारण्यं त्यात बसतील. पठाराचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर आहे. प्रमाणपत्र मिळवलेल्या नवशिक्या डायव्हरचीही मर्यादा 18 मीटर, त्यामुळे तिथे हौशी गर्दी पोचत नाही. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा हा माथा पाण्याबाहेर शंभर मीटर उंच कोरडा उभा होता.

आता सर्वांत लहान आकडा. नागपूरनं मे 2013 मध्ये 47.9 अंश सोसले आणि डिसेंबर 2018 मध्ये 3.5. चव्वेचाळीस अंशांची ही तफावत आपण कूलर आणि रजई यांच्या भरवशावर निभावतो. प्रवाळाला एक अंश भारी पडतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एक अंशानं जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्यातल्या शेवाळांना बाहेर काढतं आणि पांढरं पडतं; यालाच विरंजन म्हणतात. दोन महिने तसंच चाललं तर मरू लागतं.

एक अंश म्हणजे किती उष्णता? अंग्रिया बँकेवरचं 20 मीटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे 800 कोटी युनिट ऊर्जा लागेल. कोराडी वीज केंद्राचे 660 मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेनं साडेपाच महिने रात्रंदिवस चालवले, तर तेवढी वीज तयार होते. एवढी प्रचंड उष्णता समुद्रात आज खरोखर शिरते आहे, कारण हरितगृह वायूंनी अडवलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्रच पोटात घेतो. जानेवारी 2023 पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात जगातल्या 84 टक्के प्रवाळ क्षेत्राला या उष्णतेची झळ बसली. 1998 च्या पहिल्या विरंजनात हा आकडा 21 टक्के होता. हरितगृह वायू सोडणाऱ्या कोराडीच्या चिमण्या आपल्याला गच्चीवरून दिसतात. त्यांचा आणि मालवणच्या खडकांचा संबंध आहे हे आपण मान्य केलं पाहिजे.

उष्णता एकट्यादुकट्याला थोपवता येणार नाही, पण पाय आवरता येतो. मालवणला जाल तेव्हा फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नका, त्याला हात लावू नका, माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. शंभर वर्षांत वाढलेली मीटरभर उंची मोडायला एक नांगर पुरतो. तेव्हा पैसे देण्याआधी होडीवाल्याला विचारा की नांगर कुठे टाकता, आणि उत्तर पटलं नाही तर दुसरी होडी बघा.