इन्सुलिनची सुई : भीती कशाची, काळजी कशाची?

इन्सुलिन हे संप्रेरक घरी स्वतः टोचून घ्यायचे म्हटले की अनेकांचा हात थरथरतो. ‘हवेचा बुडबुडा गेला तर?’ ही भीती नेहमीची. पण इन्सुलिन शिरेत नव्हे, कातडीखालच्या चरबीत द्यायचे असते. तिथे बारीक बुडबुड्याने जिवाला धोका नसतो. डोस मात्र थोडा कमी पडतो.

जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला. बाटलीवर ४० युनिट लिहिले असेल तर सिरिंजही ४०चीच हवी. १०० असेल तर १००ची. १००चे इन्सुलिन ४०च्या सिरिंजने घेतले, तर डोस अडीचपट होतो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी. पहिले इंजेक्शन नर्ससमोर स्वतःच्या हाताने घ्यावे. निम्मी भीती तिथेच जाते.