एका डावाचा भाव

खामगावच्या बाजार समितीत कापसाचा भाव का चढतो आणि का पडतो, हे बुलढाणा जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल. आवक वाढली की भाव उतरतो, माल आटला की चढतो. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो या कापसासाठीच. दीडशे वर्षं इथल्या माणसांनी भाव नावाची गोष्ट गाठीगाठीने मोजून पाहिली आहे.

आता असा एक माल डोळ्यांपुढे आणा, ज्याची आवक संपतच नाही. एक नग विकला तरी कोठार भरलेलं आणि एक कोटी नग विकले तरी तेवढंच भरलेलं. नवा नग तयार करायला जवळपास काहीच खर्च नाही. बाजाराच्या नियमाने या मालाचा भाव शून्यावर यायला हवा. पण २ फेब्रुवारी २०२१ला सोनीचा प्लेस्टेशन ५ हा व्हिडिओ गेमचा कन्सोल भारतात आला, तेव्हा त्याच्यावरच्या एका नव्या मोठ्या खेळाची किंमत होती ४,९९९ रुपये. दुकानातून डबी आणा की घरबसल्या डाउनलोड करा, भाव तोच.

हा आकडा आला कुठून? खेळाला भाव लावायची रीत पन्नास वर्षांत इतक्यांदा पालटली आहे की ती कहाणी एखाद्या खेळाइतकीच रंगते.

सुरुवात नाण्याने झाली. १९७२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका दारूच्या गुत्त्यात अटारी कंपनीने ‘पाँग’चं यंत्र ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरून अडकला होता. नव्वदच्या दशकात हीच नाण्याची यंत्रं आपल्याकडे तालुक्याच्या गावांपर्यंत आली. लाकडी खोकं, आत टीव्हीची नळी, पुढे एक दांडी आणि चार-सहा बटणं. १९८५ साली जपानी उत्पादकांनी तारांच्या जोडणीचं एकच माप ठरवलं होतं. त्यामुळे खोकं तेच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा खेळ सुरू व्हायचा. ही स्वस्त सोय झाली नसती, तर मेहकर-चिखलीसारख्या गावांपर्यंत हा पसारा पोचणं अवघड होतं.

त्या पार्लरांचा राजा म्हणजे ‘मुस्तफा’. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा १९९३चा खेळ. त्यातल्या चार खेळगड्यांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो आणि भारतभरच्या पोरांनी साऱ्या खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं. एकाच यंत्रावर तिघांनी खांद्याला खांदा लावून खेळायचं. सगळ्या ‘लाइफ’ संपल्या की पडद्यावर उलटी मोजणी सुरू. ती शून्यावर यायच्या आत नाणं टाकलं तर डाव तिथूनच पुढे चालू, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

ती मोजणी म्हणजेच भावाचं यंत्र होतं आणि मला आजही तिचं नवल वाटतं. ओसाकातल्या कॅपकॉमच्या कार्यालयात बसलेल्या माणसांनी एका नाण्यात खेळ किती वेळ चालावा, याचा बारीक हिशेब केला होता. फार सोपा केला तर मालकाचं भाडंही निघणार नाही. फार अवघड केला तर पोरगं दुसऱ्यांदा फिरकणार नाही. म्हणून पहिला टप्पा सोपा, मग एकाएकी अंगावर येणारा दांडगा शत्रू आणि तो अर्धा मेलेला असतानाच आपली शेवटची ‘लाइफ’ संपणार. मेहकरच्या पोराचा रुपया किती मिनिटं टिकेल, हे जपानातल्या माणसाने आधीच आखून ठेवलेलं होतं.

आणि तरी त्या आखणीला एक मोठी फट होती. नवखा गडी दोन-तीन मिनिटांत बाहेर पडायचा, तर मुरलेला तेवढ्याच रुपयात तासभर यंत्र अडवून बसायचा. हात जसजसा तयार होईल तसतसा भाव उतरत जातो, असा माल दुसरा कुठला आहे? कसब हीच सवलत होती. पैशाची चणचण असलेल्या पोराला ती मेहनतीने मिळवता येत होती.

मग घरात कॅसेट आली. टीव्हीला जोडायचा डबा, वर खाचेत बसवायची कॅसेट. सुट्टीत हा डबा तासाच्या किंवा दिवसाच्या भाड्याने आणायचा रिवाजही पडला. एकदा पैसे मोजले की कितीही खेळा, या नव्या हिशेबाने खेळांचा घाटच बदलला. नाणं काढून घ्यायची गरज उरली नाही म्हणून खेळ लांबले, गोष्टी सांगू लागले, कालचा डाव आज पुढे नेता येऊ लागला.

डाउनलोड ही इंटरनेटच्या काळातली गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. पण १९८३ साली अमेरिकेत ‘गेमलाइन’ नावाची सेवा निघाली होती. अटारीच्या डब्यात एक खास कॅसेट बसवायची, तिला टेलिफोनची तार जोडायची आणि तारेवरून खेळ उतरवून घ्यायचा. सुरुवातीला १५ डॉलर, पुढे एका खेळाला सुमारे एक डॉलर. डबा बंद केला की खेळ पुसला जाई! पुन्हा हवा तर पुन्हा पैसे. म्हणजे नाण्याचीच रीत, फक्त तारेतून आलेली. कंपनी बुडाली, पण तिच्या लोकांनी आणि तंत्राने पुढे जे उभं केलं ते जगाला ‘अमेरिका ऑनलाइन’ म्हणून माहीत झालं. जपानात निन्टेंडोने १९८६पासून दुकानांत यंत्रं बसवली. आपली जुनी डिस्क घेऊन जायची, ५०० येन द्यायचे आणि तिच्यावरचा जुना खेळ पुसून नवा लिहून घ्यायचा. मला ही रीत सगळ्यांत गोड वाटते. डबी नाही, कचरा नाही आणि भाव नव्या खेळाच्या एका अंशाइतका.

आता ४,९९९ रुपयांकडे परत येऊ. यातले सुमारे ७६३ रुपये १८ टक्के जीएसटीचे. खेळ दुसऱ्या कंपनीचा असेल तर उरलेल्यातला साधारण ३० टक्के वाटा कन्सोलच्या दुकानाचा, म्हणजे सुमारे १,२७० रुपये. राहिले तीन हजारांच्या आत-बाहेर. त्यातून प्रकाशक आणि शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत भागायची. पहिला नग बनवायलाच अफाट खर्च येतो, पुढचे नग फुकटात निघतात. म्हणून भाव मालावरून ठरत नाही. घेणारा किती देऊ शकेल याच्या अंदाजावरून ठरतो.

मग बुलढाण्याचा घेणारा आणि न्यूयॉर्कचा घेणारा यांना वेगळा भाव हवा की नको? अमेरिकेत तोच खेळ ६९.९९ डॉलरला होता. त्या वेळच्या दराने ते सुमारे ५,१०० रुपये होतात. म्हणजे भारताला सवलत जवळपास शून्य! पण जून २०२२मध्ये सोनीने प्लेस्टेशन प्लस या खेळांच्या सेवेच्या नव्या मासिक वर्गण्या आणल्या, तेव्हा अमेरिकेत ९.९९ डॉलर असलेली पायरी भारतात ४९९ रुपयांना मिळाली. डॉलरच्या दराने ती ७८० रुपयांच्या आसपास हवी होती. इथे मात्र एक तृतीयांशाहून जास्त सूट. पुढे या वर्गण्या वाढल्या, पण त्या वेळच्या हिशेबातून एक गोष्ट लख्ख दिसते. मालकी म्हणून विकलं ते आपल्याला अमेरिकेच्या भावाने मिळालं आणि वेळ म्हणून विकलं ते आपल्या खिशाकडे पाहून मिळालं. ज्या घराचं उत्पन्न पावसावर चालतं, तिथे ही उलटापालट साधी नाही.

खेळ आपल्या मातीतला असला तरी भावाची वाट सरळ नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ बनवला. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे, राजस्थानी वाड्यांची शिल्पं आहेत. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही ही मंडळी थांबली नाहीत. १८ ऑगस्ट २०२०ला खेळ आला, तोही फक्त निन्टेंडो स्विचवर. निन्टेंडोचं भारतासाठी ऑनलाइन दुकानच नव्हतं. पुण्यात घडलेला खेळ महाराष्ट्रातल्या मुलाला सरळ रुपयांत विकत घेता यायला १५ ऑक्टोबर उजाडावा लागला, तेव्हा तो इतर कन्सोलवर आणि संगणकावर आला.

भावात आणखी एक छुपा हिस्सा आहे, तो म्हणजे डेटा. मोठा खेळ आज सहज १०० जीबीचा असतो. घरात वायफाय नसेल आणि फोनवर रोजचा दीड जीबी असेल, तर दुसरं काहीही न पाहता तो खेळ उतरवायला ६७ दिवस लागतील. शहरातल्या घरात जे एका रात्रीत होतं, त्याला संग्रामपूर किंवा मोताळ्याच्या एखाद्या खेड्यात पिकाचा अर्धा हंगाम जाईल.

आणि एवढं करून हातात काय येतं? डिस्क असेल तर मित्राला देता येते, विकता येते. ४,९९९ची डिस्क खेळून ३,०००ला विकली, तर खेळ पडला २,०००ला. डाउनलोड विकता येत नाही. ‘द क्रू’ हा २०१४चा मोटारींचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क असणाऱ्यांचाही खेळ कायमचा थांबला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला की तुम्ही मालकी नव्हे, फक्त परवाना घेत आहात, हे दुकानाने ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं. तो १ जानेवारी २०२५पासून लागू आहे. असा कायदा आपल्याकडेही व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मुस्तफाही असाच हातचा गेला आहे, पण हक्कांच्या गुंत्यामुळे. मूळ कॉमिकचे हक्क एकाकडे, मोटारीचं नाव दुसऱ्याकडे. कॅपकॉमने २०१८ साली आपले सात जुने मारामारीचे खेळ एकत्र विकायला काढले, त्यात तो नव्हता. रुपयाला मिळणारा तो खेळ ५,००० रुपये घेऊन गेलात तरी कुठल्याच कन्सोलच्या दुकानात मिळत नाही.

म्हणून तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग झोनला कमी लेखू नका. समजा तासाला ६० रुपये पडतात. २०२१च्या भावाने ४९,९९०चा कन्सोल आणि ४,९९९चा एक खेळ, एवढ्या पैशांत तिथे नऊशे सोळा तास खेळता येईल. रोज एक तास धरला तर अडीच वर्षं, आणि खेळही बदलून बदलून. घरी घ्यायचाच असेल तर डिस्कची खाच असलेला कन्सोल घ्या, चार मित्रांत डिस्का फिरवा. आणि डाउनलोडचं बटण दाबण्याआधी, हा खेळ इंटरनेटशिवाय चालतो का, एवढं नक्की तपासा.