खताला वास येतो? पेटीचा दोष नाही!

सोसायटीतल्या खतपेटीजवळून जाताना नाक दाबावं लागतं? मग कुठेतरी चुकतंय. नीट चाललेल्या खताला ओल्या मातीचा वास येतो. घाण वास सुटला, म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी झाली.

उपाय सोपा आहे. ओला कचरा टाकला की वर वाळलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा पसरायचा आणि अधूनमधून सगळं खालीवर करायचं. मूठभर घेऊन दाबून बघा. हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा चालतो. पार्सलची रश्श्यासकट गाठ मारलेली पिशवी मात्र अजिबात नाही! सॅनिटरी पॅडही नको. ते कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे.

एवढी कटकट कशाला? कारण तुम्ही टाकलेलं प्लास्टिक कुणीतरी हातानं वेचतं. आणि पेटी बंद पडली की कचरा पुन्हा ट्रकमध्ये. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत साठला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आपल्या मेसचं खरकटं त्यांनी का सोसावं?

गांडूळखत प्रकल्प चालू असेल, तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलतही देते. सुरुवात फुकटात होते. रस्त्याकडेची वाळलेली पानं पोत्यात भरा आणि पोतं पेटीशेजारी ठेवा. पानं हाताशी असली, तरच कुणी टाकेल ना!