नव्या औषधाची तुलना कशाशी?

प्रसूतीनंतर रक्त थांबेनासे झाले की दोन घटकांत धडधाकट बाई हातची जाते, हे निपाणी-चिकोडीकडील जुन्या सुईणींस पुरते ठाऊक होते. आणि या संकटावरील औषधांच्या ज्या परीक्षा बेळगावात झाल्या, त्यांत नव्या औषधास मंजुरी देण्यापूर्वी त्याची प्रचलित उपचाराशी तुलना व्हावी की नाही, या प्रश्नाची सारी बिकट बाजू उघड होते.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी सहकाऱ्यांसमवेत जिल्ह्यातील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल आजमावले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधरहित गोळी. आरोग्यसेविका बाळंतिणीखाली प्लॅस्टिकचे वस्त्र अंथरीत आणि त्याच्या निमुळत्या, मापाच्या रेघा आखलेल्या पिशवीत साठलेले रक्त मोजून नोंदवीत, कारण नुसत्या नजरेच्या अंदाजात ते कमीच भरते. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले.

इस्पितळांत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन रूढ असता आठशेहून अधिक स्त्रियांच्या वाट्यास औषधरहित गोळी का यावी, हा आक्षेप येथे सहज उद्भवतो. त्याचा जबाब असा की, खेड्यात बाळंतपण करणाऱ्या सेविकेला ते इंजेक्शन देण्याची त्या काळी मुभाच नव्हती, सबब तिच्यापुरता प्रचलित उपचार म्हणजे वाट पाहणे. हा जबाब खोटा नाही; परंतु ती उणीव निसर्गाने नव्हे, सरकारी हुकमाने निर्माण केली होती, आणि खेड्यातील स्त्रीच्या नशिबी जे नाही ते नाहीच, असे धरून चालणारी कसोटी मला न्याय्य वाटत नाही.

शिवाय काहीच न देण्यापेक्षा गोळी बरी, एवढेच त्या कसोटीने सिद्ध झाले. इंजेक्शनाच्या तुलनेत ती कशी, हे डॉक्टरास कळावे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने अठरा हजारांहून अधिक स्त्रियांत ही तुलना केली, तेव्हा २००१ च्या निष्कर्षात गिळावयाच्या गोळीपेक्षा इंजेक्शन सरस ठरले होते. उलट बेळगावच्याच महाविद्यालयाने पुढे ६५२ स्त्रियांत हेच औषध पूड करून जिभेखाली ठेवून पाहिले, तेव्हा २०१२ च्या निष्कर्षात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९.१ टक्के, तर पूड घेतलेल्यांपैकी ३.१ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाल्याचे दिसले. औषध तेच, देण्याची रीत निराळी, आणि निवाडा उलटा!

अमेरिकेने १९६२ साली परिणामकारकतेचा पुरावा सक्तीचा केला, पण आधीच्या औषधाहून सरस असण्याची अट घातली नाही. ती घालावी असे माझेही म्हणणे नाही, कारण बरोबरीचे औषधही दुसऱ्या एखाद्या गुणामुळे हवेसे ठरते. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ठेवावे लागते, आणि उन्हाळ्यात वीज गेली की आडगावच्या उपकेंद्रातील शीतपेटीचा भरवसा कोणी द्यावा? उष्णता सोसणारे कार्बेटोसिन भारतासह दहा देशांतील सुमारे तीस हजार स्त्रियांत ऑक्सिटोसिनशी ताडून पाहिले, आणि २०१८ च्या निष्कर्षात ५०० मिलिलिटर रक्तस्रावाच्या कसोटीवर ते उणे ठरले नाही. नव्या औषधास एवढी बरोबरी पुरे. मात्र जेथे प्रचलित उपचार आहे तेथे ती मोजल्यावाचून मंजुरीचा कागद हाती पडू नये, आणि तुलना कशाशी केली ते वेष्टनातील माहितीपत्रकावर, आमच्या भागापुरते तरी, मराठीत व कन्नडात छापावे.