टपाल डिस्कवर, तपासणी मेमरीत

जानेवारी ते एप्रिल म्हणजे इंदापूर तालुक्यात द्राक्षनिर्यातीची धावपळ. बोरी परिसरातला माल कंटेनरमध्ये चढतो, तेव्हा त्याच्यामागे कागदपत्रंही धावत असतात: अवशेष तपासणीचा अहवाल, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट. सगळं ईमेलला जोडलेलं. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या कार्यालयात अशा वेळी ‘मेल पाठवलाय, पण पोचत नाही’ अशी ओरड झाली, की पहिला सल्ला मिळतो नवा सर्व्हर घेण्याचा. एवढा खर्च करण्याआधी जुन्या सर्व्हरमध्ये काय अडलंय ते बघायलाच हवं.

साखर कारखाना माळेगावचा असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा, गाळपाची क्षमता कितीही असली तरी वजनकाटा रेंगाळला की उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येणारच. मेल सर्व्हरमध्ये हा काटा बहुतेकदा हार्ड डिस्क असते. पोस्टफिक्स आलेला मेल घेतो आणि तपासणीसाठी अमाविसकडे देतो. अमाविस तो तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहितो, जोडलेल्या फायली सुट्या करतो, झिप उघडतो. क्लॅमएव्ही त्यात व्हायरस शोधतो, स्पॅमअसॅसिन मजकुराला गुण देतो. निकाल लागला की या फायलींचं काम संपलं. काही सेकंद जगणाऱ्या फायलींसाठी ही सगळी लिहापूस! मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीलाच 8.3 मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या बारीक फायलींची कामं ती सेकंदाला जेमतेम शंभरेक उरकते. व्हीएमस्टॅट ही आज्ञा चालवून ‘डब्ल्यूए’चा रकाना बघा. तो सतत चढलेला असेल, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय.

लिनक्समध्ये यावरचा उपाय 2001 पासून, 2.4 कर्नलपासून आहे: टीएमपीएफएस. मेमरीचाच एक तुकडा फोल्डर म्हणून वापरायचा. एफएसटॅब फायलीत एक ओळ घालून अमाविसचा तात्पुरता फोल्डर तिथे न्यायचा. त्याच ओळीत फोल्डरची मालकी अमाविसच्या नावावर करायला विसरू नये. नाहीतर रीस्टार्टनंतर त्याला तिथे लिहिताच येत नाही.

मग वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न आधी येणार, आणि यायलाच हवा. मेमरीतलं सगळं पुसलं जाईल, पण मेल हरवणार नाही. तपासलेला मेल पुढे स्वीकारला जाईपर्यंत पोस्टफिक्स आपली प्रत रांगेतून काढत नाही, आणि ती रांग डिस्कवर असते. वीज आली की तपासणी पुन्हा होते, एवढंच. म्हणूनच रांग मात्र कधीही मेमरीत नेऊ नये. एकदा मेल स्वीकारल्याचं कळवलं की तो पोचवण्याची, निदान न पोचल्याचं कळवण्याची जबाबदारी सर्व्हरची. यंत्र मध्येच बंद पडलं ही सबब चालत नाही, असं 2008 चं एसएमटीपी मानक सांगतं.

जागा किती ठेवायची? एका वेळी दहा मेल तपासले जात असतील आणि एका मेलची मर्यादा 20 एमबी असेल, तर मूळ प्रतींनाच 200 एमबी लागतील. सुट्या केलेल्या फायली धरून 600 ठेवा. झिप त्याहून फुगल्या आणि जागा भरली, तर मेल रांगेत थांबून पुन्हा तपासणीला येतो. मेमरी मात्र खरोखर शिल्लक हवी. क्लॅमएव्हीलाच एक जीबीहून जास्त लागते, आणि मेमरी अपुरी पडली की टीएमपीएफएसचा मजकूर स्वॅपमार्गे पुन्हा डिस्कवरच जातो. दोन जीबीच्या यंत्रावर हा प्रयोग नको. एसएसडी असेल, तर फरक कमीच जाणवेल.

स्पॅमअसॅसिनचा बराच वेळ डीएनएसच्या काळ्या याद्या विचारण्यात जातो. तिथे टीएमपीएफएस काही करू शकत नाही. त्यासाठी सर्व्हरवरच डीएनएस कॅश ठेवावा.

स्पॅमअसॅसिन मेल पाहून जे शिकतो, त्या बेझियन नोंदीही डिस्कवरच हव्यात. किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल दाखवल्याशिवाय तो त्या वापरत नाही. त्या 200 चांगल्या मेलमध्ये आपले मराठी मेल भरपूर असू द्या: ऊसबिलाची विचारणा, डाळिंबाचे दर, सभेची नोटीस.