पाण्यातली नाव धुवायची कशाला?

आपल्या रोहिणखेडकडच्या बायकांचा आणि समुद्राचा संबंध तो किती? मुंबईला एखाद्या नातेवाइकाकडे गेलो तर चौपाटीवर पाय भिजवून यायचं, नाहीतर टीव्हीवर पाहायचा. आपलं पाणी म्हणजे विहिरीचं, नळाचं आणि मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणाचं. विदर्भातल्या धरणांवर मासेमारी करणारे भाऊ तर थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा टायरच्या ट्यूबवर बसूनही जाळी टाकतात. त्यामुळे बोटी धुण्याचा, घासण्याचा, त्यांना पॉलिश आणि मेण लावण्याचा स्वतंत्र धंदा असतो, असं मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा हशा पिकला. एक जण म्हणाली, "ताई, नाव कायले धुवा लागते? ते त पाण्यातच रायते!"

मैत्रिणींनो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरात आपल्या कामाचंही एक गणित दडलेलं आहे.

समुद्राचं पाणी खारं. बोटीवर उडालेलं पाणी वाळलं की मागे मिठाचा थर राहतो. तो लोखंड खातो, स्टीलवर डाग पाडतो, काच आंधळी करतो. वरून ऊन रंगाची चमक उडवतं. पाण्याखालच्या भागाची तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथे आधी शेवाळ धरतं, मग बार्नॅकल नावाचे शिंपल्यासारखे टणक, बारीक जीव येऊन चिकटतात. बोटीचं बूड खडबडीत झालं की पाणी कापायला जोर जास्त लागतो, वेग घटतो, डिझेल जास्त जळतं. लाकडी बोट असेल तर समुद्रातले किडे लाकूड आतून पोखरतात. म्हणजे चोवीस तास पाण्यात राहणारी नावच जास्त धुवावी लागते!

मुंबईची जुनी गोदी

ही निगा राखण्याची विद्या आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी कारागीर १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि १७५० मध्ये त्यांनी तिथे सुकी गोदी बांधली. सुकी गोदी म्हणजे काय, तर भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचं, दार बंद करायचं आणि आतलं पाणी काढून टाकायचं. जहाज कोरडं उभं राहिलं की त्याचं बूड खरवडा, फटी बुजवा, लेप लावा. वाडियांच्या घराण्याने सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज १८१७ मध्ये मुंबईत तयार झालं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी पाहायला मिळतं. दोनशे वर्षांहून जास्त काळ ते टिकलं, त्यात मुंबईच्या कारागिरांचा हात आहे, तशी वेळोवेळी केलेली डागडुजीही आहे.

कोकणात तर ही घरोघरची रीत. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या. मग हंगाम जवळ आला की खरवडणं, फटी भरणं, रंगवणं सुरू. लाकडाला माशाचं तेल चोपडायची जुनी पद्धत, त्याने लाकूड पाणी कमी पितं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहताना रंगीबेरंगी होड्या आपण फोटोत पाहतो. त्या रंगामागे कितीतरी दिवसांची घासाघीस असते.

मेण लावायचीही एक रीत

आता पर्यटनाच्या आणि हौसेच्या बोटी बहुतेक फायबरच्या असतात. गेटवे ऑफ इंडिया, मांडवा, गोवा इथे अशा बोटी दिसतात. फायबरवर वरून एक चकचकीत थर असतो. काही वर्षं ऊन खाल्लं की तो पांढुरका पडतो, हात फिरवला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. आपल्या अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं होतं, तसंच. ही चमक परत आणायचं काम म्हणजे डिटेलिंग. या धंद्याचं हे इंग्रजी नाव चारचाकीच्या निमित्ताने आपल्या शहरांतही आलंय.

त्याचा क्रम ठरलेला. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, म्हणजे मीठ आणि रेती निघून जाईल. रेती तशीच ठेवून घासलं तर ओरखडे पडणार. मग सौम्य साबण, मऊ ब्रश आणि वरून खाली धूत यायचं. तेलकट डाग वेगळे काढायचे. पाण्याच्या रेषेवर पिवळट-तपकिरी डाग पडतात, त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडचं औषध. कोरडं झालं की पांढुरका थर कापणारा लेप, त्याला कंपाउंड म्हणतात. नंतर बारीक पॉलिश, सर्वांत शेवटी मेण. ते मेण बहुधा कार्नोबा नावाचं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढलेलं. मेण चमक देतं आणि ऊन-पाण्यापासून थराचं रक्षण करतं. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते लावायचं नाही, डाग पडतात. सावलीत, थोड्या थोड्या जागेवर लावायचं आणि मऊ फडक्याने उजळायचं. नवीन औषध आधी कोपऱ्यात लावून पाहायचं. स्टीलला तारेचा काथ्या चुकूनही लावायचा नाही, त्याचे लोखंडी कण मागे राहतात आणि तेच गंजतात.

वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं असेल, यातलं अर्धं ज्ञान आपल्याकडे आहेच! तांब्याला चिंच, चांदीला रिठा, काचेला कागद, लाकडाला तेल, हे आपल्याला कोणी कॉलेजात शिकवलेलं नाही. आपलं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं. तिथली चांदीची वस्तू घरात असेल तर ती राखेने घासायची नाही, हे आजी नातीला सांगतेच. कोणत्या वस्तूला काय चालतं आणि काय चालत नाही हे ओळखणं, हाच या धंद्याचा पाया.

फुटावर भाव

फरक कुठे आहे? फरक भावात आहे. परदेशात बोट साफ करणारे बोटीच्या लांबीवर, म्हणजे फुटावर दर सांगतात. नुसत्या धुण्याचा दर वेगळा, पॉलिश-मेणाचा वेगळा, बोटीची दशा वाईट असेल तर वरचे पैसे वेगळे. काम बघितल्याशिवाय शब्द द्यायचा नाही आणि दिल्यावर फिरवायचा नाही. आपल्याकडे मात्र साफसफाई म्हटलं की, "द्या काय द्यायचं ते!"

समजा, गटातल्या दोघींनी एका चारचाकीचं आतून-बाहेरून काम घेतलं. तीन तास लागले. आकडे उदाहरणादाखल धरू. तासाला १०० रुपये मजुरी धरली तर दोघींचे ६०० झाले. शाम्पू, पॉलिश, मेण, फडकी १५०. पाणी, वीज, जाणं-येणं ५०. पाण्याच्या मशीनची झीज ५०. बेरीज ८५०. गटाच्या खात्यात १५० टाका, म्हणजे भाव १,००० रुपये. आता हेच काम लाजेकाजेने ५०० ला घेतलं तर? सामान, वीज, मशीन यांचे २५० गेले, गटाला काही नाही, उरलेल्या २५० मध्ये दोघींचे तीन-तीन तास. तासाला जेमतेम ४२ रुपये! नफा झाला असं वाटतं, पण आपण आपलीच मजुरी फुकट वाटलेली असते.

गावोगावच्या बैठकांमध्ये मी बघते, लोणची, पापड, मसाले यांची नावं पटापट निघतात. सफाईचं नाव काढलं की माना खाली. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न उगीच येत नाही. आपल्या समाजाने सफाई एका बाजूला ठरावीक जातींच्या माथी मारली आणि दुसऱ्या बाजूला घरच्या बाईच्या. दोन्हीकडे काम सक्तीचं, मोल नाही आणि मान त्याहून नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, तो हाच समज झाडून काढायला. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण सुनेने सफाईचा धंदा काढला तर नाक मुरडतो.

समुद्रावरच्या बायका

कमीपणा कशात नसतो, ते बघायचं असेल तर नौदलाची 'तारिणी' बघा. गोव्याच्या गोदीत बांधलेली ही शिडाची नाव २०१७ मध्ये नौदलात आली आणि त्याच वर्षी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्यासह सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. २०१८ च्या मे महिन्यात त्या परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच गेल्या आणि २९ मे २०२५ रोजी परत आल्या. दोघींच्याच नावेवर शीड ओढण्यापासून झाडपूसेपर्यंतची कामं करायला तिसरं कोण येणार? तिथे नाव नीट ठेवणं म्हणजे जीव सांभाळणं.

आणि सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका स्वतः वल्हं मारत पर्यटकांना खारफुटी दाखवू लागल्या. पाहुणा नावेत बसायचा तर नाव लख्ख हवीच. बचत गट म्हणजे पापडच, असं थोडंच आहे?

हात आणि पाणी, दोन्ही जपा

आपल्याकडे नाव नसली तरी काम आहे. ट्रॅक्टर, चारचाकी, मंगल कार्यालयाची भांडी, देवळातल्या समया, पाण्याच्या टाक्या आणि आता गावोगावी आलेली सोलर पॅनेल. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी तयार होते. ती सकाळी, काच थंड असताना, मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने पुसायची. छपरावर चढायचं असेल तर एकटीने नाही.

एक धोक्याची सूचना कापून ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जुना रंग घासताना नाकाला मास्क लावा.

आणि धुतलेलं पाणी कुठे जातं, तेही बघा. बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून पूर्वी टीबीटी नावाचं विष घातलेला रंग लावत. त्याने फ्रान्समधल्या आर्काशॉन उपसागरातली कालवांची शेती धोक्यात आली, म्हणून १९८२ मध्ये तिथे लहान बोटींना तो रंग बंद केला. जगभर बंदी घालणारा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ पासून लागू झाला. तेव्हा ट्रॅक्टर नदीत किंवा धरणाच्या काठाला नेऊन धुऊ नका. तेच पाणी कोणाच्या तरी माठात येतं.

पुढच्या बैठकीत गटाने एक वही करावी. डाव्या पानावर आपल्याला काय काय उजळता येतं त्याची यादी, उजव्या पानावर त्या प्रत्येकाला लागणारं सामान, वेळ आणि भाव. भावाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढा एकच नियम पाळा.